शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी, पण साडेतीन हजार डॉलर मोजून नाही!

आधीच सांगते, मी वकील नाही, नवराही नाही, दोघंही आयटीत. आमच्या अख्ख्या खानदानाचा कोर्टाशी संबंध म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, सिन्नरची बांधाची केस, जी मी सातवीत असल्यापासून चालूये आणि आता माझी मुलगी मनू दहावीत गेली तरी चालूच आहे. त्यामुळे मनूने मागच्या वर्षी जेवताना जाहीर केलं की मला लॉमधे इंटरेस्ट आहे, तेव्हा नानांनी व्हिडिओ कॉलवरच कपाळाला हात लावला आणि म्हणाले, अगं शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात आणि ही लिफ्टने वर निघालीये.

तर तेव्हापासून आजपर्यंत मुलीला इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, कायद्याची आणि कोर्टाची ओळख व्हावी म्हणून आम्ही जे काही करून बघितलं, पैसे भरून आणि फुकट, त्या सगळ्याचा हा रिव्ह्यू. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो, त्यामुळे काही गोष्टी इथल्याच आहेत, पण बाकीच्या कुठल्याही स्टेटमधे चालतील. आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर दर उन्हाळ्याआधी "अमुक कॅम्प कसा आहे" हा प्रश्न येतो आणि प्रत्येक वेळी मी तेच तेच टाइप करते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

सुरुवात झाली एका पत्राने. जाड कागद, सोनेरी सील, "आपल्या पाल्याची निवड झाली आहे" टाइप मजकूर, हायस्कूलच्या मुलांसाठी वॉशिंग्टन डीसीत एक आठवड्याचा लॉ प्रोग्राम, फी साडेतीन हजार डॉलर, येणंजाणं वेगळं. कंपनीचं नाव घेत नाही कारण मला भांडायचं नाहीये आणि अशा कंपन्या एक नाही अनेक आहेत. निवड झाली हे वाचून आम्ही दोघं येडे जे हुरळलो, नंतर कळलं की मनूच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची "निवड" झाली होती, तिने कुठल्यातरी करिअर सर्व्हेत पत्ता भरला होता तिथून ते आलं असणार. कॅम्प एका युनिव्हर्सिटीच्या डॉर्ममधे होता पण त्या युनिव्हर्सिटीचा आणि कॅम्पचा काही संबंध नाही, फक्त जागा भाड्याने घेतलेली, हे बारीक अक्षरात लिहिलं होतं आणि आम्ही डिपॉझिट भरल्यावर वाचलं, डिपॉझिट अर्थातच परत मिळत नाही.

मनू गेली, मजा केली, दोन चांगल्या मैत्रिणी मिळाल्या, हे खोटं कशाला बोलू. पण शिकली काय? ब्रोशरवर सगळ्यात मोठा फोटो सुप्रीम कोर्टाचा. आता गंमत बघा, सुप्रीम कोर्टात सुनावण्या चालतात ऑक्टोबर ते एप्रिल, मग साधारण जूनच्या शेवटापर्यंत निकाल येतात आणि त्यानंतर सुट्टी. कॅम्प जुलैत. म्हणजे पोरांना बाहेर पायऱ्यांवर उभं केलं, ग्रुप फोटो काढला, पुढच्या बसमधे बसवलं. बरं त्या पायऱ्या पण अशा की चढून वर गेलं तरी समोरच्या मोठ्या दारातून पब्लिकला २०१० पासून आत जाताच येत नाही, सिक्युरिटीसाठी बाजूचं दार आहे. नानांना फोटो दाखवला (ते जूनमधेच आमच्याकडे आले होते) तर म्हणाले, "हिने पायरी चढली खरी, पण बंद दाराची. आमच्या सिन्नरला निदान दार तरी उघडं असतं, जज नसतो ती गोष्ट वेगळी."

बाकी सेशन्स घ्यायला लॉ स्कूलचे नाही, साधे कॉलेजचे विद्यार्थी होते. फेलनी (गंभीर गुन्हा) म्हणजे काय, मिसडिमिनर (किरकोळ गुन्हा) म्हणजे काय याचं पाठांतर करून घेतलं, आणि घरी येऊन आम्ही सहज शोधलं तर आमच्या न्यू जर्सीत हे दोन्ही शब्द कायद्यात वापरतच नाहीत, इथे गुन्ह्यांना फर्स्ट डिग्री ते फोर्थ डिग्री म्हणतात आणि त्याखालच्या किरकोळ प्रकाराला डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्स. आता ही चूक नाही म्हणा, बहुतेक राज्यांत ते शब्द आहेतच, पण पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आणि त्याच्यावर फेडरल कायदा वेगळा, ही अमेरिकेच्या सिस्टिमची पहिली गोष्ट आहे ना? आपल्याकडे तालुका कोर्ट, जिल्हा कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट अशी एकच शिडी. इथे दोन शिड्या शेजारी शेजारी. हे मनूला शेवटी आम्हीच समजावलं, आणि उदाहरण काय दिलं तर गांजाचं, काय करणार, रस्त्याने चालताना वास येतो तर पोरं विचारणारच. न्यू जर्सीत २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्यांना चालतो, फेडरल कायद्यात मात्र बेकायदेशीरच. एकाच फुटपाथवर दोन कायदे. हे एका वाक्यात तिला जे कळलं ते कॅम्पच्या चार्टमधून नव्हतं कळलं.

आणि शेवटच्या दिवशी मॉक ट्रायल, म्हणजे लुटूपुटूचा खटला. आरोपी कोण तर लहान मुलांच्या गोष्टीतली गोल्डीलॉक्स, फिर्यादी त्याच गोष्टीतली तीन अस्वलं. दहावीत जाणारी पोरं हो ही! मनू आई अस्वल झाली होती. साडेतीन हजार डॉलर.

असो. आता चांगल्या गोष्टी.

पहिली आयसिव्हिक्स. ही वेबसाइट आणि ॲप, पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत. सँड्रा डे ओकॉनर, म्हणजे १९८१ मधे अमेरिकन सुप्रीम कोर्टात आलेल्या पहिल्या बाई जज, त्यांनी रिटायर झाल्यावर २००९ मधे सुरू केली. मुलांना आपलं सरकार आणि कोर्ट कसं चालतं हे माहीत नाही याची त्यांना काळजी वाटायची, आणि रिटायर झाल्यावर बाईंनी आत्मचरित्रावर न थांबता व्हिडिओ गेम्स करायला घेतले, मला हे फारच आवडलं.

त्यातला एक गेम आहे डू आय हॅव अ राइट, तुम्ही छोटी लॉ फर्म चालवता, क्लायंट दारातून आत येऊन आपलं रडगाणं सांगतात आणि तुम्ही ठरवायचं की याचा घटनेतला हक्क खरंच मोडलाय का नुसता रागावलाय, आणि मोडला असेल तर कुठल्या वकिलाकडे पाठवायचं. मनू म्हणाली हे लहान मुलांचं आहे, कार्टून आहेत, आणि तिचं बरोबर आहे, सातवी-आठवीला जास्त शोभेल. पण मी स्वतः एका रविवारी दुपारी दोन तास खेळले, भात करपला. नवऱ्याला म्हटलं सिटिझनशिपच्या टेस्टची तयारी करतेय.

दुसरा गेम आर्ग्युमेंट वॉर्स, हा हायस्कूलवाल्यांनी खेळाच. यात सुप्रीम कोर्टाच्या खऱ्या केसेस आहेत. तुम्ही बाजू निवडायची, हातात पत्ते असतात तसे मुद्दे येतात, त्यातला लागू पडणारा टाकायचा, फालतू टाकला तर जज झापतो. गिडियनची केस आहे, फ्लोरिडातला गरीब माणूस, वकील परवडत नव्हता, कोर्टाने दिला नाही, त्याने तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि १९६३ मधे सुप्रीम कोर्टाने ठरवलं की गंभीर गुन्ह्यात आरोपीला परवडत नसेल तर सरकारने वकील द्यायचा. मिरांडाची आहे, पोलिसांनी पकडल्यावर "गप्प राहण्याचा हक्क आहे" वाली. आणि या सगळ्यात एक केस अशी निघाली की आमच्या घरात तीन आठवडे दुसरा विषय नव्हता.

न्यू जर्सी विरुद्ध टी.एल.ओ. वर्ष १९८०, शाळा पिस्कॅटवे हायस्कूल. पिस्कॅटवे म्हणजे आमच्या घरापासून पंधरा मिनिटं, आम्ही भाजीला तिकडे जातो! चौदा वर्षांची मुलगी, मायनर म्हणून नाव नाही, नुसती आद्याक्षरं. टीचरने तिला आणि मैत्रिणीला बाथरूममधे सिगारेट ओढताना पकडलं आणि ऑफिसात नेलं, मैत्रिणीने कबूल केलं, ही म्हणाली मी ओढतच नाही. असिस्टंट व्हाइस प्रिन्सिपलने तिची पर्स उघडली. सिगारेटचं पाकीट निघालं. ते उचललं तर त्याखाली रोलिंग पेपर दिसले, मग त्यांनी अख्खी पर्स उपसली, त्यात थोडा गांजा, पाइप, एक-एक डॉलरच्या पुष्कळ नोटा आणि कोणी किती पैसे देणं आहे याची यादी! मुलीच्या बाजूने म्हणणं असं की ही झडतीच बेकायदेशीर, घटनेच्या चौथ्या अमेंडमेंटने (दुरुस्तीने) सरकारला कोणाचीही झडती उगाच घेता येत नाही आणि सरकारी शाळा म्हणजे सरकारच. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने मुलीच्या बाजूने दिलं, आणि १९८५ मधे देशाच्या सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं, सहा विरुद्ध तीन. म्हणजे काय तर शाळेतही मुलांना चौथी अमेंडमेंट आहे, पण पोलिसांना जेवढं भक्कम कारण लागतं तेवढं शाळेला लागत नाही, वाजवी संशय पुरे. आणि त्या सहा जजांमधे कोण होत्या तर ओकॉनर बाईच, ज्यांनी पुढे हा गेम काढला.

मनूने आधी मुलीची बाजू घेतली, साहजिक आहे, "माझी बॅग माझी." जिंकली गेममधे. मग मी म्हटलं आता शाळेची बाजू घेऊन खेळ. तोंड वाकडं केलं पण खेळली, आणि पहिल्यांदा सपाटून हरली कारण तिला शाळेचं म्हणणं काय असू शकतं याचा तिने विचारच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी रात्री पिठलं-भाकरी खाताना परत तोच विषय, नाना पाटावर बसल्यासारखे खुर्चीत मांडी घालून ऐकत होते, मी त्यांना मराठीत सगळी केस सांगितली. नाना जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "सिगारेटचा संशय होता ना? सिगारेट सापडली. मग तिथंच थांबायचं. पुढचे कप्पे कशाला उचकले त्या मास्तराने?"

मनू भाकरी हातात धरून बघतच राहिली. कारण हाच तर प्रश्न होता! तिने लगेच शाळेची बाजू घेतली, की आजोबा, रोलिंग पेपर समोर दिसले म्हणून नवीन संशय आला. नाना म्हणाले, "बरं, मग नोटा मोजायची काय गरज?" हे पाऊण तास चाललं, अर्धं मराठीत अर्धं इंग्लिशमधे, नवरा उठून भांडी घासायला गेला. साडेतीन हजारात हे मिळालं नव्हतं. यानंतर मनूला टिंकरची केस (१९६९, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाची काळी पट्टी बांधून शाळेत गेलेली मुलं) आणि पेनसिल्व्हेनियातल्या स्नॅपचॅटवाल्या चिअरलीडरची २०२१ ची केस, अशा शाळेच्या केसेसचा नादच लागला. ओयेझ नावाची साइट आहे, तिथे सुप्रीम कोर्टातल्या वादविवादाचं खरं रेकॉर्डिंग ऐकता येतं, सोबत लिहिलेलंही सरकत जातं. ते पण फुकट. आमची कार त्या झोपाळू आवाजाने भरून जाते पण मनू ऐकते. व्हिडिओ नाही मिळत हं, अमेरिकन सुप्रीम कोर्टात कॅमेरा चालत नाही, मे २०२० पासून लाइव्ह आवाज तेवढा येतो. इथे नानांनी कॉलर ताठ केली, कारण २०२२ ला शिवसेनेच्या केसची सुनावणी त्यांनी घरी बसून यूट्यूबवर लाइव्ह बघितली होती, जजसकट.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुणी करतच नाही. कोर्टात जा. खऱ्या. तुमच्या काउंटीच्या. इथली बहुतेक कोर्टं पब्लिकला उघडी असतात, तिकीट नाही, अपॉइंटमेंट नाही, मागच्या बाकावर गुपचूप बसायचं. (मायनर मुलांच्या आणि काही घरगुती केसेस बंद दाराआड असतात, तिथे नाही जाता येत.) अडचण एकच, कोर्ट चालू तेव्हा शाळाही चालू. पण न्यू जर्सीवाल्यांनो, नोव्हेंबरमधे टीचर्स कन्व्हेन्शनच्या गुरुवार-शुक्रवारी शाळा बंद आणि कोर्ट चालू असतं! मी एक दिवस सुट्टी टाकली आणि मनू, नाना आणि मी न्यू ब्रन्सविकला मिडलसेक्स काउंटीच्या कोर्टात गेलो.

दारातच घोळ. मेटल डिटेक्टर नानांना बघून ठणाणा वाजला. शेरिफच्या माणसाने खिसे रिकामे करायला सांगितले, नानांनी चंची काढली आणि चंचीतून अडकित्ता! तो बिचारा उलटसुलट करून बघतोय, हे नक्की काय शस्त्र आहे. मी म्हटलं सुपारी कापायचं आहे, सुपारी काय ते सांगण्यात आणखी दोन मिनिटं गेली, मागे लाइन. माणूस हसला, म्हणाला गाडीत ठेवून या. परत पार्किंगपर्यंत गेलो. तर सूचना नंबर एक, म्हातारी माणसं बरोबर असतील तर अडकित्ता घरी ठेवा.

आत माहिती डेस्कवर विचारलं की शाळेतली मुलगी आहे, कुठे बसलं तर काही बघायला मिळेल, तर त्या बाईंनी छान सांगितलं, अमुक कोर्टरूममधे क्रिमिनल कॅलेंडर, म्हणजे आजच्या फौजदारी केसेस, चालू आहे, जा. मनूला वाटत होतं की आता ज्युरी, उलटतपासणी, ऑब्जेक्शन वगैरे. तसलं काही नाही. एक पंचविशीतला मुलगा उभा, शेजारी पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारने दिलेल्या वकील बाई, तीच गिडियनची देणगी, मनूने मला कोपराने ढोसलं. तो गुन्हा कबूल करत होता, प्ली डील किंवा प्ली बार्गेन, म्हणजे सरकारी वकिलाशी तडजोड करून. जज एकेक प्रश्न विचारत होते, शांतपणे, जवळपास वीस मिनिटं. शिक्षण किती झालं, इंग्लिश नीट कळतं ना, आज काही औषध किंवा दारू घेतली आहे का, कोणी धमकावलं का, वकिलाने सगळं समजावलं का, ट्रायलचा हक्क सोडतोयस, ज्युरीसमोर जायचा हक्क सोडतोयस, हे कळतंय का. प्रत्येक वेळी तो मुलगा "येस युअर ऑनर", आवाज इतका बारीक की जज म्हणाले जरा मोठ्याने, रेकॉर्ड होतंय. आणि मग एक प्रश्न, तू अमेरिकन नागरिक आहेस का, नसशील तर या कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाऊ शकतं हे माहीत आहे का. माझ्या पोटात गोळा आला. आम्ही दोघं अजून ग्रीन कार्डच्या रांगेत. मी आयटीत कितीही वर्षं काढली तरी तो प्रश्न ऐकताना मी बाकाची कड धरून बसले होते. मनू जन्माने नागरिक, तिने माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही.

शेवटी त्याने स्वतःच्या तोंडाने काय केलं ते सांगायचं असतं, नुसतं "गुन्हा कबूल" म्हणून चालत नाही. तीन वाक्यं बोलला. संपलं. ट्रायल नाही, ज्युरी नाही, हातोडा पण आपटला नाही. आणि अमेरिकेत शिक्षा होणाऱ्या बहुतेक क्रिमिनल केसेस, नव्वद टक्क्यांच्या वर, अशाच संपतात. कॅम्पमधे आठवडाभर प्ली बार्गेन हा शब्द निघाला नव्हता. म्हणजे पोरांना लग्न दाखवायचं म्हणून नुसती वरात दाखवायची आणि याद्या कुठे झाल्या ते सांगायचंच नाही.

नाना मात्र वेगळ्याच कारणाने थक्क होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्याला सगळं विचारलं गं. मला पस्तीस वर्षांत कुणी विचारलं नाही की तुम्हाला समजतंय का." मग लगेच सावरून, "पण इतक्या पटकन संपवलं म्हणजे घाईच झाली. एवढ्याशा पोराने घाबरून हो म्हटलं असेल तर?" मनू म्हणाली आजोबा तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं. मला दोघांचंही पटलं, जे मला आजकाल फार होतं.

गाडीत ज्युरीवरून विषय निघाला. आम्हाला एकदा ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं होतं, न्यू जर्सीत ड्रायव्हिंग लायसन्सच्या आणि टॅक्सच्या यादीतूनही नावं उचलतात त्यामुळे नागरिक नसलेल्यांनाही येतं, घाबरू नका, फेकूनही देऊ नका, "नागरिक नाही" हे भरून परत पाठवायचं. नाना म्हणाले ज्युरी आपल्याकडेही होती की, नानावटी! १९५९, मुंबई, नेव्हीचा कमांडर, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, ज्युरीने आठ विरुद्ध एकने निर्दोष म्हटलं, जजला पटलं नाही, केस हायकोर्टात आणि तिथे जन्मठेप. नाना तेव्हा दहा वर्षांचे, पण मोठ्यांच्या चर्चा आठवतात म्हणे, सगळे नानावटीच्या बाजूने. नंतर आपल्याकडे ज्युरी गेलीच, १९७३ च्या क्रिमिनल प्रोसिजर कोडमधे तर ठेवलीच नाही. मनूला हे काहीच माहीत नव्हतं, ती घरी येऊन रात्री बारापर्यंत तेच वाचत बसली. इथे न्यू जर्सीत मात्र गंभीर क्रिमिनल ट्रायलला बारा माणसं आणि बाराही जणांचं एकमत लागतं, एक जरी अडला तरी दोषी ठरवता येत नाही. लुईझियाना आणि ओरेगन या राज्यांत आधी बारापैकी दहा जणांचं मत चालायचं, २०२० मधे सुप्रीम कोर्टाने तेही बंद केलं.

शेवटचं, शाळेची मॉक ट्रायल टीम. न्यू जर्सी स्टेट बार फाउंडेशन (बार म्हणजे वकिलांची संघटना) दरवर्षी हायस्कूलची स्पर्धा घेतं, सगळ्यांना एकच बनवलेली केस, साक्षीदारांचे जबाब, पुरावे, नियम, सगळं एका वर्कबुकात. टीमला दोन्ही बाजू तयार कराव्या लागतात, ही खरी मेख. परीक्षक खरे वकील आणि जज, शिकवायलाही खरे वकील फुकट वेळ देतात. आम्हाला यात एक पैसा पडला नाही, एक काळा ब्लेझर सोडला तर, तो पण सेलमधे. मनूला पहिल्या वर्षी वकील नाही, साक्षीदाराचा रोल मिळाला, रडारड झाली. पण मला विचाराल तर साक्षीदारच अवघड, कारण समोरचा वकील तुम्हाला तुमच्याच जबाबात अडकवायला बघतो आणि तुम्ही लिहिलेल्याच्या बाहेर काही बनवू शकत नाही. जानेवारीतल्या राउंडला समोरच्या टीमच्या मुलीने तिला लागोपाठ हो-नाहीचे सहा प्रश्न विचारून असं कोपऱ्यात नेलं की मलाच घाम फुटला. आमच्या टीमने "लीडिंग", म्हणजे उत्तर सुचवणारा प्रश्न, म्हणून ऑब्जेक्शन घेतलं, जजने तिथल्या तिथे फेटाळलं, कारण उलटतपासणीत लीडिंग प्रश्न चालतात, सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, नाही. हे मनू आता जन्मात विसरणार नाही. पहिल्याच राउंडला बाहेर पडलो. गाडीत दहा मिनिटं शांतता, मग "आई, तिने चौथा प्रश्न विचारला तेव्हाच मला कळायला हवं होतं ती कुठे नेतेय ते."

तोटे पण सांगते. सगळ्या शाळांत टीम नसते, नसेल तर सोशल स्टडीजच्या टीचरच्या मागे लागा. वेळ फार खातं, नोव्हेंबर ते जानेवारी शनिवार गेले, मराठी शाळा बुडली. आणि कॉलेज ॲप्लिकेशनसाठी करत असाल तर नका करू, तिथल्या काही पोरांचे चेहरे बघून कळत होतं कोणाला आईबापाने ढकललंय. तसंही इथे वकिली बारावीनंतर नाही, आधी चार वर्षांची डिग्री, मग तीन वर्षांचं लॉ स्कूल, मग बारची परीक्षा, त्यामुळे पंधराव्या वर्षी "प्री-लॉ" म्हणून कोणी काही विकत असेल तर जरा थांबा. फिलाडेल्फियाचं नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटर एकदा बघण्यासारखं आहे, घटना लिहिणाऱ्यांचे माणसाएवढे ४२ ब्राँझचे पुतळे आहेत, नानांनी फ्रँकलिनशेजारी बसून फोटो काढलाय, पण तिकीट आहे आणि दोन-तीन तासात होतं.

स्टार द्यायचे तर कॅम्पला दोन, तेही त्या दोन मैत्रिणींचे. आयसिव्हिक्सला चार. मॉक ट्रायलला पाच. काउंटी कोर्टाच्या मागच्या बाकाला पाच, पार्किंगचा एक कापून चार.

नाना नोव्हेंबरच्या शेवटी परत गेले, सिन्नरला तारीख होती. जाताना मनूने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की केसचे सगळे कागद पाठवा. त्यांनी पाठवले, व्हॉट्सॲपवर, त्रेचाळीस फोटो, निम्मे आडवे, एकात त्यांचा अंगठा. सातबारा, मोजणीचा नकाशा, कैफियत, सगळं. पोरगी आता रोज रात्री फोन उलटा धरून माझ्या खोलीत येते. काल विचारत होती, आई, वहिवाट म्हणजे काय, आणि ती पर्सवाल्या केसमधे चालली असती का.